श्रावणात एकदम दारू सोडली की तिसऱ्या रात्री काय होतं

ताई, तुमच्या प्रश्नाचा गाभा आधी मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. मिस्टर ४१ वर्षांचे, तासगावजवळ द्राक्षबाग, चौदा वर्षं पितात. गेली तीन वर्षं सकाळी उठल्याबरोबर घेतल्याशिवाय हात थांबत नाहीत, दिवसाला तीन क्वार्टर होतात. मागच्या श्रावणात देवासमोर शब्द देऊन एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी झटका (फिट) आला. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, गोधडीवरनं काहीतरी वेचत बसले, तुम्हालाही ओळखेनात. घरच्यांनी बाहेरचं समजून अंगारा लावला, मग गावातून ग्लुकोजच्या दोन बाटल्या चढवल्या, आणि पाचव्या दिवशी ते परत प्यायले. आता श्रावण पंधरा दिवसांवर आहे, ते पुन्हा सोडतो म्हणतात. तुम्ही विचारताय, एकदम बंद करू द्यावी की थोडी थोडी कमी करावी, कुणीतरी दिलेली चहात टाकायची पुडी वापरावी का, आणि डॉक्टरांच्या गोळ्यांचीच सवय लागली तर काय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थेट देतो. घरी एकदम बंद करू देऊ नका. मागच्या वेळी झटका आला आणि भ्रम झाला, एवढ्या दोनच गोष्टी पुरेशा आहेत. या वेळी सोडायची ती दवाखान्यात दाखल होऊनच.

तुमच्या सासरच्या मंडळींना वाटतं की मिस्टरांची नेट, म्हणजे जिद्द, कमी पडली. तसं नाही. चार दिवस एक थेंब न घेता हात कापत, ओकत काढले त्यांनी, नेट होतीच. दारू सोडणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत. एक म्हणजे ती अंगातून सुखरूप उतरवणं, हे आठ-दहा दिवसांचं काम, आणि त्यात मनाच्या निर्धाराचा फारसा संबंध नसतो. दुसरं म्हणजे सुटलेली टिकवणं, हे किमान वर्षभराचं. आपल्याकडे पहिलं काम शपथेवर सोडतात आणि दुसऱ्याला औषध मागतात. तिथेच घोटाळा होतो.

हिशोब बघा. रम किंवा व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं, तीन क्वार्टरचं १८० ग्रॅम. यकृत तासाला ढोबळमानाने ८ ते १० ग्रॅम जाळतं, मुरलेल्या पिणाऱ्याचं थोडं जास्त. म्हणजे १८० ग्रॅम जळायलाच सतरा-अठरा तास किंवा त्याहून जास्त लागतात. तुमच्या मिस्टरांचं रक्त गेली तीन वर्षं क्वचितच पूर्ण कोरडं झालं असेल. पहाटे पातळी खाली येते तेव्हा हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, आणि नाइन्टी (९० मिली) पोटात गेली की अर्ध्या तासात माणूस सरळ होतो. हा उतारा म्हणजे हौस नव्हे. रोज सकाळी सुरू होणारा विथड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्यावर शरीराला होणारा त्रास, ते रोज सकाळी दाबतात.

मेंदूत शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते, म्हणून पहिल्या पेगला बरं वाटतं. वर्षानुवर्षं रोज हेच झालं की मेंदू तोल सांभाळायला उलटी ओढ लावतो. गाबाला दाद देणं कमी करतो, ग्लुटामेट घेणारी केंद्रं वाढवतो. रस्सीखेचीत एका बाजूने अचानक दोर सोडला की दुसरी बाजू स्वतःच्याच जोराने आपटते. दारू एका दिवसात गेली तरी मेंदूची ही उलटी ओढ एका दिवसात जात नाही. म्हणून झटके, घाम, धडधड, भास.

याला घड्याळ आहे, आणि ते पाठ असणं फार उपयोगाचं आहे. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत कापरं, घाम, ओकारी, झोप उडणं. बारा ते चोवीस तासांत काहींना आवाज येतात किंवा काही दिसतं, पण माणूस शुद्धीवर असतो, आपण कुठे आहोत हे त्याला कळतं. झटका बहुधा पहिल्या ४८ तासांत. आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, डिलिरियम ट्रेमेन्स. वेळकाळाचं भान जातं, अंगावरचं पांघरूण वेचणं, किडे-मुंग्या दिसणं, ताप, नाडी १२० च्या वर, रक्तदाब चढलेला. तुमच्या घरी तिसऱ्या रात्री झालं ते अगदी हेच. अंगाऱ्याने कुणाचं नुकसान होत नाही, पण तो लावण्यात गेलेल्या रात्रीने होतं. उपचार न मिळालेल्या डिलिरियममध्ये माणसं दगावतात. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जण वाचतात.

श्रावणाचा यात विशेष वाटा आहे. दीप अमावास्येला, ज्याला लोक गटारी म्हणतात, पोटभर पितात आणि दुसऱ्या दिवसापासून कडक बंद. म्हणजे पातळी सर्वांत वर असताना दोर सोडायचा. त्यानंतरचा तिसरा-चौथा दिवस धोक्याचा. एकादशीला माळ घातल्यावर, पाय मोडून हाडांच्या दवाखान्यात पडल्यावर, अगदी पोलीस कोठडीतसुद्धा हेच घड्याळ चालू होतं. ऑपरेशन झालेला माणूस तिसऱ्या रात्री सलाइन उपटून पळायला लागला तर आधी तो किती पीत होता हे विचारावं.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाबतीत महत्त्वाची. अशी प्रत्येक अर्धवट सोडवणूक मेंदूला पुढच्या वेळेसाठी जास्त भडक करून ठेवते, पुढचा विथड्रॉवल आधीच्यापेक्षा जोरात येण्याची शक्यता वाढते. यांना मागच्या वेळी दुसऱ्या दिवशी झटका आला म्हणजे या वेळी तो लवकर किंवा एकापाठोपाठ एक येऊ शकतो. म्हणूनच मी दाखल व्हा म्हणतोय.

सगळ्यांनाच दाखल व्हावं लागत नाही, हेही सांगतो. रोज एक-दीड क्वार्टर, आधी कधी झटका नाही, यकृत बरं, घरात जागं राहणारं माणूस आणि दवाखाना अर्ध्या तासावर, अशा माणसाची दारू डॉक्टरांना रोज दाखवून घरी उतरवता येते. वय साठच्या पुढे, कावीळ, पोटात पाणी, मधुमेह, डोक्याला मार, किंवा सोबत झोपेच्या गोळ्या नाहीतर ट्रामाडोल ही दुखण्यावरची गोळी चालू असेल, तर गणित बदलतं. हे तपासल्याशिवाय कोणीही सांगू शकत नाही.

दवाखान्यात करतात ते असं. दारू आणि क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, लोराझेपाम ही औषधं मेंदूतल्या त्याच गाबाच्या केंद्रावर काम करतात. म्हणजे सोडलेला दोर आपण तात्पुरता दुसऱ्या हाताने धरतो आणि मग हळूहळू सैल करतो. नमुना म्हणून, क्लोरडायझेपॉक्साइड २५ मिलिग्रॅमची गोळी पहिल्या दिवशी चार वेळा, मग रोज साधारण एक गोळी कमी, आणि तुमच्या मिस्टरांसारख्या जुन्या पिणाऱ्याला सुरुवात याच्या बरीच वरून. दर काही तासांनी घाम, कापरं, मळमळ, अस्वस्थता, भान अशा दहा गोष्टींना गुण देऊन बेरीज करतात, ६७ पैकी. आठ-दहाच्या आत असेल तर औषध पुरतंय, पंधराच्या वर गेलं तर डोस वाढवायचा. यकृत फार बिघडलेलं असेल तर क्लोरडायझेपॉक्साइड अंगात साचतं, तेव्हा लोराझेपाम देतात, कारण ते यकृतावर कमी बोजा टाकून बाहेर पडतं. हे आकडे घरी वापरण्यासाठी नाहीत. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते तुम्हाला समजावं, एवढ्यासाठी आहेत.

इथे चुका होतात त्या ठरलेल्या. दुसऱ्या दिवशी माणूस गाढ झोपला म्हणून घरचे गोळ्या थांबवतात, आणि तिसऱ्या रात्री भ्रम उफाळतो. गोळ्या चालू असताना चोरून प्यायला, तर दोन्ही मिळून श्वास मंदावतो, हे जीवघेणं आहे. तिसरी चूक म्हणजे ओरडणाऱ्याला नुसतं शांत करायचं इंजेक्शन देणं. हॅलोपेरिडॉलसारखी औषधं एकटीच दिली तर झटक्याची शक्यता वाढते, आधी गाबावरचं औषध पोटभर हवं. आणि चौथी, महिन्याची गोळ्यांची पट्टी रुग्णाच्याच हातात देणं.

सवय लागेल का, ही तुमची भीती अगदी रास्त आहे. आठ-दहा दिवसांत रोज कमी करत बंद केलेल्या गोळ्यांची सवय लागत नाही. लागते ती महिनोन्‌महिने त्याच चिठ्ठीवर दुकानातून आणलेल्या अल्प्राझोलाम या त्याच जातीच्या गोळीची. ती गोळी चटकन चढते, चटकन उतरते, आणि पुढे तीसुद्धा एकदम बंद केली तर दारूसारखाच झटका येऊ शकतो. तिला उतरवायला मग काही आठवडे ते महिने लागतात. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर गाबाच्या गोळीसमोर शेवटची तारीख लिहिलेली आहे का, हे बघून घ्या. नसेल तर मागा.

आता त्या ग्लुकोजच्या बाटल्यांबद्दल, कारण गावोगावी हेच होतं. पिणारा माणूस जेवत नाही, आणि जे खातो त्यातलं जीवनसत्त्व बी-१, थायमिन, आतड्यातून नीट शोषलं जात नाही. शरीरात त्याचा साठा जेमतेम ३० मिलिग्रॅमच्या आसपास, काही आठवड्यांत संपतो. ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं. रिकाम्या साठ्यावर ताकदीचं म्हणून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, चढवलं की उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं, आणि वर्निके नावाचा मेंदूचा विकार ओढवू शकतो. माणूस गोंधळतो, डोळे थरथरतात किंवा एका बाजूला वळत नाहीत, चालताना झोकांड्या जातात. घरचे म्हणतात अजून उतरली नाही. वेळ गेली की स्मरणशक्ती कायमची जाते, पाच मिनिटांपूर्वीचं आठवत नाही. याला उपाय अगदी स्वस्त आहे. थायमिनचं इंजेक्शन, ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत. वर्निकेची शंका असेल तर शिरेतून २०० ते ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, काही दिवस. नंतर १०० मिलिग्रॅमची गोळी रोज. सुरुवातीला नुसती गोळी पुरत नाही, कारण आतडं एका वेळी फार थोडं आत घेतं. साखर धोक्याइतकी खाली गेली असेल तर मात्र ग्लुकोज थांबवायचं नसतं, दोन्ही बरोबर द्यायचं. सलाइन लावताना तुम्ही एवढंच विचारा, "डॉक्टर, थायमिन दिलंय का?" या प्रश्नाचा कुठल्याही चांगल्या डॉक्टरांना राग येणार नाही.

आता पुडी. चहात टाकायच्या पुडीत काय असतं हे विकणाऱ्याशिवाय कुणाला माहीत नसतं, पण अनेकदा ती डायसल्फिराम या गोळीची पूड असते. दारू यकृतात आधी असिटाल्डिहाइड होते आणि मग निरुपद्रवी असिटेट. डायसल्फिराम ही दुसरी पायरी बंद पाडतं. वर दारू गेली की असिटाल्डिहाइड साचतं, तोंड लालबुंद, डोकं फुटल्यासारखं, ओकाऱ्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली. बागायतदाराच्या घरात हे नवीन नाही. छाटणीनंतर डोळे (कोंब) फुटावेत म्हणून काडीला जी पेस्ट लावतात, ते हायड्रोजन सायनामाइड नेमकं हेच करतं. पेस्टिंग करून आलेला मजूर संध्याकाळी प्यायला की लाल होऊन कोसळतो, तो याचमुळे. काही देशांत सायनामाइड दारू सोडवण्याचं औषध म्हणूनही वापरतात. तेव्हा पेस्टिंगच्या दिवसांत दारू हा वेगळाच धोका आहे, मजुरांनाही सांगा.

डायसल्फिराम वाईट औषध नाही. ज्याला माहीत आहे आणि जो स्वतः घेतो, त्याला ते चांगलं उपयोगी पडतं. रोज २५० मिलिग्रॅम, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास आणि शक्यतो २४ तास उलटल्यावर, यकृत आणि हृदय तपासून. दोन आठवड्यांनी आणि पुढे काही महिने यकृताची तपासणी परत. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहतो. खोकल्याच्या काही औषधांत, होमिओपॅथीच्या थेंबांत अल्कोहोल असतं, तेही टाळायचं. जुलाबावर देतात ते मेट्रोनिडाझोल सोबत चालत नाही. आता विचार करा, हे सगळं ज्याला माहीतच नाही, ज्याच्या रक्तात सकाळची नाइन्टी आहे, त्याच्या चहात तुम्ही ती पुडी टाकली. हृदय कमजोर असेल तर तो त्या दिवशी जाऊ शकतो. आणि वाचला, तर ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवसापासून तो तुमच्या हातचं पाणी पिणार नाही, आणि पुढच्या वर्षभराच्या उपचारात तुमचाच हात सगळ्यात जास्त लागणार आहे. पुडी देऊ नका. माझं हे मत पक्कं आहे.

टिकवण्यासाठी याशिवाय तीन औषधं हाताशी असतात. नालट्रेक्झोन ५० मिलिग्रॅम रोज एकदा, ते पिण्यातली मजा कमी करतं, त्यामुळे एक घेतल्यावर दुसरा मागावासा कमी वाटतो. पण ट्रामाडोल किंवा कोडीनचं औषध चालू असेल तर ते अजिबात नाही, लगेच तीव्र विथड्रॉवल होतो. पाठ दुखते म्हणून फवारणीच्या दिवसांत कुणी गोळ्या घेत असेल तर आधी सांगा. अकॅम्प्रोसेट ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या तीन वेळा, सोडल्यानंतरची बेचैनी आणि झोपेची तक्रार यावर बरं, यकृतावर बोजा नाही पण मूत्रपिंड ठीक हवं. सहा गोळ्या रोज घेणं मात्र शेतीच्या धबडग्यात अवघड जातं, हे मी मोकळेपणाने सांगतो. यकृत आकसलेलं असेल तर बॅक्लोफेन, तेही एकदम बंद करायचं नाही. कुठलं निवडायचं हे यकृताच्या रिपोर्टवर, क्रिॲटिनिन या मूत्रपिंडाच्या तपासणीवर आणि घरात गोळी हातावर ठेवणारं कुणी आहे का, यावर ठरतं.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: दाखल होऊन उतरवा, थायमिन आधी, गाबाच्या गोळ्यांना शेवटची तारीख, पुडी नाही, आणि टिकवण्याचं औषध त्यांच्या संमतीने.

दाखल होण्याची तारीख मिळेपर्यंतचे दिवस राहतात. त्या दिवसांत एकदम बंद करायला लावू नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण सकाळी कापरं आलं तर ते थांबेल इतपत घेऊ द्या, वाढू देऊ नका, दिवसाचं माप हळूहळू खाली आणा आणि दोन वेळा जेवण पोटात जाऊ द्या. श्रावणाचा पहिला दिवस हुकला तरी चालेल. देवाला दिलेला शब्द आठ दिवस उशिराने पाळला म्हणून मोडत नाही, हे तुमच्या सासूबाईंना समजावून सांगा. गटारी मात्र टाळा.

मधेच झटका आला तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, वेळ बघा. चप्पल, कांदा हुंगवू नका, दातात चमचा घालू नका, तोंडात पाणी ओतू नका. पाच मिनिटांच्या वर चालला, लगोलग दुसरा आला, किंवा नंतर शुद्ध नीट आली नाही तर १०८ ला फोन करा. खरं तर दारू सोडताना आलेला कुठलाही झटका दवाखान्यातच दाखवायचा.

कुठे जायचं? सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, तिथल्या मानसोपचार विभागात विचारा. साताऱ्यात 'परिवर्तन' आणि पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' हे काम करतात. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६, दोन्ही मोफत. खासगी केंद्रात जाणार असाल तर आधी जाऊन बघा. मानसिक आरोग्याच्या कायद्याखाली नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, पहिल्या पाच दिवसांत रात्री नर्स असते का. जिथे माणसाला रात्रीतून उचलून नेतो म्हणतात, बांधून ठेवतात किंवा मारतात, तिथे पाठवू नका. साखळीने बांधणं २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि विथड्रॉवलमध्ये बांधलेला माणूस तडफडून आणखी बिघडतो.

घरी आल्यावरचे दोन-तीन महिने तुम्हाला कठीण जातील. झोप तुटक राहते, चिडचिड होते, काही जण गोड खूप मागतात. "प्यायचा तेव्हा बरा होता" असं कुणीतरी म्हणेलच. मेंदूची ती उलटी ओढ पूर्ण निवायला तेवढे दिवस लागतात, हा स्वभाव नव्हे. घसरण्याच्या वेळाही आधीच माहीत असतात: द्राक्षाचे पैसे हातात येतात तो आठवडा, गावची जत्रा, लग्नाचा मांडव, आणि व्यापाऱ्याने पैसे बुडवले तो दिवस. त्या तारखांच्या आधी डॉक्टरांची भेट ठेवा. पैसे त्या महिन्यात तुमच्या खात्यावर येऊ द्यात, त्यांच्याशी बोलून ठरवून. एकदा प्यायले तर भांडण न करता त्याच दिवशी फोन करा. तीन दिवसांची घसरण लवकर सावरता येते. ती तीन आठवडे लपून राहिली तर पुन्हा घड्याळापासून सुरुवात करावी लागते.

दवाखान्यात जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: रोजचं माप किती क्वार्टर, शेवटचा घोट किती वाजता, मागच्या वर्षी झटका आणि भ्रम कोणत्या दिवशी आला, दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, कधी रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली का, डोक्याला कधी मार लागला का, आणि एवढ्यात बागेत पेस्टिंग केलंय का. केसपेपर काढायच्या खिडकीवर "अशक्तपणा आहे" असं सांगू नका, तसं सांगितलं की पुन्हा ग्लुकोजची बाटलीच लागते. "रोज तीन क्वार्टर, शेवटची आज सकाळी सात वाजता, मागच्या वेळी झटका आला होता," असं म्हणा.